नको म्हटलं तरी वाढा

बँकॉकला पोहोचल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर एका इमारतीची फरशी पुसणाऱ्या बाईंच्या पाया पडलो.

चूक सगळी माझी नाही. निघताना मंचरच्या मंडळींनी बजावलं होतं, "गेल्या गेल्या दादीसांच्या पाया पडा. म्हातारी लई कडक हाये." टॅक्सीतून उतरलो तर जिन्यापाशी पांढऱ्या केसांच्या, ताठ उभ्या, हातात काठी धरलेल्या एक बाई. मी बॅग टाकून वाकलो. काठी म्हणजे पोछ्याचा दांडा होता, हे वाकल्यावर दिसलं. पण अर्ध्यापर्यंत वाकलेला माणूस परत कसा येणार? लावला पायांना हात. त्या देशात पाय म्हणजे अंगाचा सगळ्यात हलका भाग, परक्याच्या पायाला कुणी शिवत नाही. बाई किंचाळून मागं सरल्या आणि झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून हात जोडून माझ्यापेक्षा खाली वाकल्या. आपल्यापेक्षा मोठं माणूस आपल्यापुढं वाकणं बरं नव्हे, म्हणून मी आणखी खाली गेलो. त्याही गेल्या. शेवटी आम्ही दोघं ओल्या फरशीवर गुडघे टेकून एकमेकांना नमस्कार घालत होतो, आणि माझी मुलगी सायली बॅगांच्या आड तोंड लपवून मैत्रिणीला सांगत होती, "रिद्धी, हे आपल्याबरोबर नाहीत."

खरं तर मीच त्यांच्याबरोबर होतो. ते कसं, ते सांगतो.

अवसरी बुद्रुक

सायली आणि रिद्धी बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. रिद्धीच्या वडिलांचं मंचरला किराणा दुकान. त्यांची मंडळी काही पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आली. आता त्यांचं मराठी माझ्यापेक्षा अस्सल आणि हिशेब तर विचारूच नका. रिद्धीची सरोजआत्या लग्न होऊन बँकॉकला गेली. यजमान खड्यांचा व्यापार करतात. म्हणजे रस्त्यावरच्या नव्हे, अंगठीतल्या खड्यांचा. बारावीची परीक्षा झाली तसं आत्यानं भाचीला सुट्टीला बोलावलं. भाची म्हणाली, सायली आली तरच येईन. मग दोन्ही घरांत ठरलं की पोरींबरोबर मोठं माणूस पाहिजे, आणि मोठ्या माणसांत पासपोर्ट निघाला फक्त माझा.

त्याचीही गोष्ट आहे. मागं गावातले आम्ही काही शेतकरी ठिबक सिंचन बघायला इस्राएलला निघालो होतो. पासपोर्ट काढले, टोप्या घेतल्या, टोप्यांवर गावाचं नाव छापलं, आणि तिकडं लढाई लागली. तेव्हापासून पासपोर्ट हिच्या पैठणीखाली डांबरगोळ्यांच्या वासात पडून होता.

पण या प्रवासामागं एक दुसरंच प्रकरण होतं. सायलीला म्हैसूरला शिकायला जायचं होतं. अन्न टिकवायचं, वाळवायचं, पॅक करायचं असं काहीतरी शास्त्र. मी म्हणालो, "आपल्या घरात अन्न टिकतंच कुठं?" माझ्याशिवाय कुणी हसलं नाही. मी शेती सांभाळून मंचरला एका पतसंस्थेत काम करतो. 'विचार करू' हे आमचं तिथलं रोजचं वाक्य, आणि त्याचा अर्थ काय ते तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सायलीला मी तेच वाक्य ऐकवलं. मंचर झालं, फार तर पुणं झालं. त्याच्या पुढं पोरगी एकटी राहणार कशी, खाणार काय, हरवली तर? त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. "पप्पा, मीठ." एवढंच.

मग आमची ही, म्हणजे मंगल, मध्ये पडली. "आसं करा," ती म्हणाली, "तुमीच बराबर जा. पोरगी परक्या मुलखात कशी ऱ्हाती ते डोळ्यांनी बघा. आल्याव काय ते ठरवा."

मला हे पटलं. राखणदार मी, परीक्षकही मी. सायली नापास होईल याची मला मनातून खात्री होती. कोथिंबीर कच्ची लागली तरी ताट सरकवणारी पोरगी ती.

गावात मात्र नुसतं 'बँकॉक' एवढंच पसरलं. चहाच्या टपरीवर आमचा वर्गमित्र बबन डोळा मिचकावत म्हणाला, "काय राव, ब्यांकॉक! एकटंच?"

"नाही, दोन पोरी आहेत बरोबर," मी म्हणालो.

टपरीवरचे लोक चहा सांडेपर्यंत हसले. "अरे, माझी मुलगी आणि तिची मैत्रीण!"

"हात्तिच्या," बबन म्हणाला, "मंग ब्यांकॉक कशाला? भीमाशंकरला जायचं व्हतं की."

सरोजआत्यांचं घर

सरोजआत्यांनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "या भाऊ! मंचरला पाऊस कसा हाये औंदा?" एप्रिल चालू होता. पण परदेशात आमच्या बाजूचा माणूस भेटला की पाऊसपाणीच विचारणार. खऱ्या दादीसा, म्हणजे आत्यांच्या सासूबाई, सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांच्या पाया पडायला वाकलो आणि आधी नीट खात्री करून घेतली.

हे घर धर्माचं पक्कं. रिद्धीच्या मंचरच्या घरी चातुर्मास सोडला तर बटाटावडा चालतो. इथं जमिनीखालचं काहीच नाही, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. उन्हं उतरायच्या आधीच पानं वाढली. आत्या आत फुलके करत होत्या, यजमान दुकानात, आणि दादीसा जेवताना मौन पाळतात. वाढायला घरी कामाला असलेली थाई मुलगी.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पाव्हण्यानं पहिल्या वाढीला 'नको' म्हणायचं. वाढणाऱ्यानं 'असं कसं' म्हणायचं. पाव्हण्यानं ताटावर हात आडवा धरायचा. वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. तिसऱ्या खेपेला दोघांचंही समाधान होतं. पहिल्याच हाकेला ताट पुढं करणारा माणूस आमच्यात दुष्काळातून आलेला समजतात. सकाळपासून विमानातल्या एका पावावर होतो, पोटात कावळे ओरडत होते, तरी रीत ती रीत. मुलीनं फुलका पुढं केला. मी म्हणालो, "नको, नको," आणि ताटावर हात धरला.

तिनं मान लववली आणि माझं ताट उचलून नेलं.

मी दादीसांकडं पाहिलं. त्या मौनात. सायली-रिद्धींकडं पाहिलं. त्यांच्या तोंडात घास आणि खांदे गदागदा हलत होते. तेवढ्यात आत्या बाहेर आल्या, "भाऊ, पोट भरलं ना?"

"भरलं, भरलं," मी म्हणालो. इथंही रीतच आडवी आली. बाहेर सूर्य मावळला आणि स्वयंपाकघराचा दिवा बंद झाला.

थोड्या वेळानं सायली माझ्या खोलीत आली. हातात खाकऱ्यांचा डबा आणि लोणचं. "पप्पा, इथं एकदाच विचारतात. मी भाजी दोनदा मागून घेतली. मागितली की देतात. सोपं आहे."

"त्या भाजीत कोथिंबीर होती," मी म्हणालो.

"होती. खाल्ली," ती म्हणाली आणि गेली.

परीक्षकानं खाकरा मोडून पहिला मार्क देऊन टाकला.

पाय

बबनच्या माहितीसाठी लिहितो की मी बँकॉकमध्ये मसाज केला. माझ्या शेजारच्या खुर्चीत दादीसा होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून दर आठवड्याला त्या पाय दाबून घ्यायला जातात. त्यांना घेऊन दोन पोरी निघाल्या आणि पोरींबरोबर मी. दादीसा माळ ओढत बसल्या होत्या. त्या वातावरणात माणसाच्या मनात कुठलाही वाईट विचार येऊच शकत नाही.

माझ्या वाट्याला आलेल्या बाईंनी टाच हातात घेतली आणि थबकल्या. मग त्यांनी शेजारणीला हाक मारली. शेजारणीनं तिसरीला. थोड्या वेळात दुकानातल्या सगळ्या बायका माझ्या टाचांभोवती जमल्या. उसाच्या सरीत अनवाणी पाणी धरून पडलेल्या भेगा त्या. कुणी बोट घालून बघितलं, कुणी फोटो काढला. रिद्धीनं मोबाइलवर भाषांतर करून वाचलं, "काका, त्या विचारतायत, हे भारतातून चालत आले का?"

दादीसांनी माळ थांबवून पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं आणि सुनेला फोन लावून माझ्यासाठी एरंडेल काढून ठेवायला सांगितलं. त्या घरात मला मान मिळाला तो या टाचांमुळं.

दुसऱ्या सकाळी यजमानांनी मला बागेत फिरायला नेलं. मी त्यांना आमच्या उसातल्या बिबट्याच्या गोष्टी रंगवून सांगत होतो. बिबट्याला भिऊन चालत नाही, नजरेला नजर द्यायची, वगैरे. तेवढ्यात तळ्यातून मगरीएवढी घोरपड निघाली आणि जिभल्या चाटत पायवाटेवर आली. यजमान म्हणतात, मी त्यांच्या खांद्यावर चढलो. मला तसं आठवत नाही.

नाव

या भटकंतीत एका दुकानात सायलीला टोमॅटो सापडले. साखरेत मुरवून वाळवलेले, खारकेसारखे दिसणारे, चकचकीत पाकिटात. पाकिटावरचा पत्ता शोधून तिनं त्या लोकांना निरोप पाठवला. शहराबाहेर एका बाईंचा लहानसा कारखाना होता. बाईंनी 'या' म्हणून कळवलं. आधी कालव्यातली नाव, मग बस. आमच्याकडं कालव्याला पाणी सुटलं की लोक मोटारी टाकतात. इथं कालव्यातून एसटीसारख्या नावा धावतात, कंडक्टरसकट.

"आम्ही दोघी जाऊन येतो," सायली म्हणाली. "तुम्ही आराम करा."

"जा की," मी म्हणालो, आणि त्या जिना उतरल्याबरोबर चपला घातल्या. एकट्या असताना पोरी कशा वागतात, हे बघितल्याशिवाय परीक्षा पुरी कशी होणार? निघताना मोबाइल पाहिला तर पडद्यावरचा आमच्या सर्जा बैलाचा फोटो गायब आणि त्या जागी जिलब्यांसारखी थाई अक्षरं. आदल्या संध्याकाळी सायलीनं मोबाइल मागून घेतला होता. कशाला म्हणून विचारल्यावर म्हणाली होती, "शुभेच्छा टाकतेय पप्पा." तिथलं सिमकार्ड काही माझ्याकडं नव्हतं. आत्यांनी देऊ केलं होतं, पण मी रीतीप्रमाणे नको म्हणालो होतो.

धक्क्यावर गर्दी होती. सायलीची पिवळी ओढणी समोरच्या नावेत दिसली, मी उडी मारून चढलो आणि खांबाआड लपलो. नाव सुटली. ओढणीवाली वळली. ती साठीची एक चिनी बाई होती.

दोन-तीन धक्के गेले तरी उतरायचं कुठं ते कळेना. कंडक्टरणीला मी 'मंचर' म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक. शेवटी सगळे उतरले तिथं उतरलो, गर्दीबरोबर चालत राहिलो, आणि एका वळणावर थबकलो. समोर झेंडू. पोती, पाट्या, ढीग, नजर जाईल तिथवर पिवळाधमक झेंडू! हरवलेल्या माणसाला गावचा माणूस भेटावा तसं झालं.

एका गाळ्यावर चाळिशीच्या बाई माळा ओवत होत्या. मी सवयीनं एक फूल उचललं, दाबलं, देठ बघितला. "माल चांगला आहे ताई, पण तोडा पाणी मारून केलाय. उद्या काळा पडंल."

त्या थाई भाषेत काहीतरी म्हणाल्या. मी म्हणालो, "आमच्याकडंही तेच. दसऱ्याला भाव, नंतर कुत्रं विचारत नाही." त्यांनी उसासा टाकून मान हलवली. असं आमचं बराच वेळ छान चाललं होतं. मग माझ्या लक्षात आलं की आपण कुठं आहोत ते आपल्याला माहीत नाही, घराचा पत्ता माहीत नाही, आणि पोरींना आपण इथं आहोत हे माहीत नाही. आत्यांच्या दारापुढचा फोटो तरी दाखवावा म्हणून मोबाइल काढला. पडदा उजळला. बाईंनी वाचलं.

आधी त्या हसल्या. मग शेजारच्या गाळेवालीला बोलावून वाचायला दिलं, तीही हसली. आपल्या टाचांकडं कुणी बघत नसतानाही आपण पुन्हा प्रदर्शनाला का लागलोय, हे मला कळेना. बाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून कुणालातरी फोन लावला, मला स्टुलावर बसवलं आणि एक पान समोर ठेवलं. चिकट भात, वर नारळाचं घट्ट दूध, शेजारी आंब्याच्या फोडी. मी हात आडवा धरून म्हणालो, "नको, नको."

बाईंनी माझ्या मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवलं, दटावणीच्या नजरेनं पाहिलं आणि चमचा हातात कोंबला. संपल्यावर पुन्हा वाढलं. मी पुन्हा नको म्हणालो. पुन्हा बोट, पुन्हा चमचा. परदेशात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला आमच्या पद्धतीनं जेवायला घालत होतं. दूधभात आणि आंबा एकत्र खातात हे अवसरीत सांगितलं तर लोक येड्यात काढतील, पण मी तिसरं पानही चाटून पुसून टाकलं.

पोरी आल्या तेव्हा माझ्या मांडीवर झेंडूची माळ होती, अर्धी ओवलेली. सायली धावत आली नाही, रडली नाही, ओरडली नाही. आधी तिनं त्या बाईंना वाकून, हात जोडून नमस्कार केला. मग माझ्यापुढं उकिडवी बसली. "पप्पा, जेवलात?"

शाळेतून आली की हा प्रश्न मी तिला विचारायचो.

तिथून कारखान्याकडं निघालेल्या नावेत मी रिद्धीला विचारलं, "माझ्या मोबाइलवर नक्की लिहिलंय काय?" तिनं सायलीकडं पाहिलं, मग वाचून दाखवलं, "हे माझे वडील आहेत. ते हरवले असतील तर कृपया या नंबरवर फोन करा. ते शाकाहारी आहेत. त्यांना खायला द्या. नको म्हणाले तरी द्या."

"आत्याकडून लिहून घेतलं," सायली पाण्याकडं बघत म्हणाली. "तुम्ही पाठीमागं येणार, हे मला माहीत होतं."

वाळवण

कारखान्याला पोहोचायला आम्हाला खूप उशीर झाला. मालकीणबाई दारात वाट बघत होत्या. सायलीनं मोबाइलवर काहीतरी टाइप करून त्यांना दाखवलं. मी डोकावून पाहिलं. इंग्रजीत होतं, 'माफ करा, माझे वडील शेतकरी आहेत, त्यांना फुलांचा बाजार बघायचा होता.' खोटं होतं ते. पण माझ्या बाजूनं कुणी इतकं चांगलं खोटं बोललेलं नव्हतं.

आत आमच्याकडच्या पॉलिहाऊससारखा घुमट, फक्त गुलाबाऐवजी चाळण्या मांडलेल्या. केळी, आंबा, आणि टोकाला टोमॅटो. तोडकंमोडकं इंग्रजी, मोबाइल आणि हातवारे यांवर सायली बोलत सुटली. किती ऊन लागतं, साखर कधी घालायची, पावसाळ्यात काय करता, डागाळलेलं फळ चालतं का? बाई खूश होऊन तिला एकेक चाळणी दाखवत होत्या. रिद्धी व्हिडिओ काढत होती. मला कुणी काही विचारलं नाही. मी एक टोमॅटो तोंडात टाकला. गोड, चिवट, पण वास अगदी आपल्या वावरातला.

"पप्पा," सायली शेजारी येऊन हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी भाव पडला तेव्हा तुम्ही उभ्या टोमॅटोवर रोटर फिरवला ना. मी गच्चीवरून बघत होते. तुम्ही ट्रॅक्टरवरून उतरलात आणि बांधावर बसून राहिलात. मला हे तेव्हापासून शिकायचंय."

मला वाटलं होतं, ते कुणी पाहिलेलं नाही.

पतसंस्थेत अशा वेळी बोलायचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी टोमॅटोबरोबर गिळलं आणि विचारलं, "म्हैसूरला जेवायला काय असतं?"

"भात," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज. सांबार आणि भात."

"मग सोबत शेंगदाण्याची चटणी लागंल. एकदम नाही न्यायची, खवट होते. थोडी थोडी पाठवत जाऊ."

चाळणीतला आणखी एक टोमॅटो उचलून सायलीनं माझ्या हातावर ठेवला. मी नको म्हणालो नाही.

पुन्हा अवसरी

विमानात मी वाक्य तयार केलं होतं. घरी गेलो, पाय धुतले, चहा घेतला. सायली बाहेर शेजारणींना फोटो दाखवत होती. मंगल ओट्याशी बसून गवार मोडत होती. मी घसा साफ केला. "हे बघ, मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. पोरगी खमकी आहे. माझं मत झालंय, तिला म्हैसूरला जाऊ द्यावं."

मंगलनं गवारीचा दोर काढून टाकला. "तिचं नाव घातलंय मी तितं. तुमी इमानात बसला त्याच दिवशी. माझा भाऊ जाऊन आला."

"अगं, मग मला कशाला धाडलं तिकडं?"

"आता बया," ती म्हणाली, "तुमी घरात आसतानी एवढं मोठं काम झालं आसतं व्हय?"